जुन्या नकाशावरून खजिना सापडतो का? फोनवर नकाशा बसवण्याचं खरं तंत्र



पिवळट पडलेला कागद, त्यावर लाल फुली, मागे गूढ म्युझिक आणि शेवटी "लोकेशनसाठी मेसेज करा". असे रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. मी नोकरीत नकाशांशी संबंधित सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे गावाकडची मंडळी असे व्हिडिओ मला हमखास फॉरवर्ड करतात आणि खाली एकच प्रश्न असतो, "यात काही तथ्य आहे का रे?"

तथ्य आहे. जुन्या मोजणीच्या कागदांवरून भारतातली सगळ्यात मोठी सोन्याची खाण पुन्हा शोधली गेली आहे. इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारे हौशी लोक शेतात जाण्याआधी दीडशे वर्षांपूर्वीचा नकाशा फोनवर उघडून बघतात. अमेरिकेत खनिजं शोधायला जुने नकाशे आता कॉम्प्युटरकडून वाचून घेतले जातात. पण या सगळ्यात नकाशा जे काम करतो, ते रीलमध्ये दाखवतात त्याहून बरंच वेगळं आहे. ते काम नेमकं काय, ते आपल्या फोनवर कसं करायचं आणि त्याची मर्यादा कुठे येते, हे आज समजून घेऊया.

कोलारचं सोनं: एक जुनी नोंद, सत्तर वर्षांनी

१७९९ मध्ये टिपू सुलतानचा पाडाव झाला आणि ब्रिटिशांनी म्हैसूर राज्याच्या सीमा नव्याने मोजायला घेतल्या. १८०२ मध्ये पूर्व सीमेच्या मोजणीवर लेफ्टनंट जॉन वॉरन हा अधिकारी होता. या भागातल्या मातीत सोनं सापडतं, असं त्याच्या कानावर आलं. गावकऱ्यांनी माती धुऊन त्यातून सोन्याचे कण काढून दाखवले. वॉरनने ते सगळं नीट लिहून ठेवलं आणि पुढे ते छापलंही गेलं. मग बरीच वर्षं त्याचं मोठं असं काही झालं नाही.

जवळजवळ सत्तर वर्षांनी ती नोंद मायकेल लॅव्हेल या माणसाच्या वाचनात आली. हा न्यूझीलंडच्या युद्धातून परतलेला आयरिश सैनिक, बंगळुरात राहत होता. १८७१ मध्ये तो बैलगाडीने कोलारकडे निघाला. वॉरनने सांगितलेला भाग त्याने पायाखाली घातला, जुन्या खणलेल्या जागा तपासल्या आणि १८७३ मध्ये अर्ज करून म्हैसूर सरकारकडून परवाना मिळवला. हे हक्क पुढे दुसऱ्यांकडे गेले, १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी आली आणि कोलार गोल्ड फील्ड्स उभं राहिलं. तिथल्या खाणी तीन किलोमीटरपेक्षा खोल गेल्या. २८ फेब्रुवारी २००१ ला त्या बंद झाल्या.

या गोष्टीतल्या चार गोष्टी लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा लेख त्यांच्यावर उभा आहे.

एक, वॉरन सोनं शोधायला गेलाच नव्हता. तो सीमा मोजत होता आणि वाटेत दिसलेलं, ऐकलेलं नोंदवत होता. दोन, मूळ माहिती गावकऱ्यांची होती. मोजणीवाल्याने ती कागदावर आणली, एवढंच. तीन, त्या कागदाने लॅव्हेलला 'कुठल्या भागात जायचं' ते सांगितलं. 'कुठे खणायचं' ते जमिनीवर जाऊनच ठरवावं लागलं. आणि चार, त्याने आधी परवाना घेतला, मग खणलं.

शोधणारे नकाशात नेमकं काय बघतात?

जुन्या सरकारी नकाशावर कुणी 'इथे खजिना आहे' असं लिहून ठेवत नाही. ते नकाशे महसूल, सैन्य, रस्ते आणि रेल्वे यांच्यासाठी केलेले असतात. मग शोधणाऱ्याला त्यातून काय मिळतं? उत्तर एका शब्दात: फरक. जुन्या नकाशावर आहे आणि आज जमिनीवर नाही, अशी प्रत्येक गोष्ट त्याच्या कामाची.

इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथली ऑर्डनन्स सर्व्हे ही संस्था १७९१ पासून नकाशे करते आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी एका मैलाला सहा इंच आणि पंचवीस इंच अशा मोठ्या प्रमाणावर नकाशे काढले. त्यांत एकेक पायवाट, विहीर, कुंपण आणि घर दिसतं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे नकाशे वेबसाइटवर फुकट ठेवले आहेत. एका बाजूला जुना नकाशा, दुसऱ्या बाजूला आजचा सॅटेलाइट फोटो. किंवा जुना नकाशा वर ठेवायचा आणि स्लायडर सरकवून तो हळूहळू पारदर्शक करायचा. फोनच्या ब्राउझरवरही हे चालतं, एकदा करून बघाच.

मेटल डिटेक्टरवाले त्यात काय हुडकतात? बंद पडलेली पायवाट, नदी ओलांडायची जुनी जागा, पाडलेलं शेतघर, जत्रेचं मैदान. कारण साधं आहे. जिथे माणसं वर्षानुवर्षं चालली, थांबली, त्यांनी बाजार केला, तिथे त्यांच्या खिशातलं काहीतरी पडलेलं असतं. पुरून ठेवलेला हंडा मिळणं ही दुर्मिळ गोष्ट, पण पडलेलं नाणं मिळणं ही नेहमीची.

खनिजं शोधणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं असतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची टोपोव्ह्यू नावाची साइट आहे. तिथे १८८४ पासूनचे नकाशे मोफत उतरवता येतात. त्यांत खाणींसाठी ठरलेल्या खुणा आहेत. एकमेकांवर आडव्या ठेवलेल्या दोन कुदळी म्हणजे उघडी खाण किंवा दगडखाण. इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण म्हणजे डोंगरात शिरणाऱ्या बोगद्याचं तोंड. आणि हो, फुलीसुद्धा आहे! पण तिचा अर्थ बघा: इथे कुणीतरी खनिजासाठी चाचणी म्हणून खणून पाहिलं होतं. म्हणजे खऱ्या नकाशावरची फुली 'इथे माल आहे' असं सांगत नाही. 'तुमच्या आधी इथे कुणीतरी येऊन गेलं' असं सांगते. तरीही अशा पंधरा-वीस फुल्या एका ओळीत दिसल्या, तर जमिनीखालची खनिजाची शीर कुठल्या दिशेने जाते त्याचा अंदाज येतो. एकट्या फुलीपेक्षा फुल्यांची रांग जास्त बोलते.

जुना नकाशा आजच्या जगावर बसतो कसा?

आता तंत्राकडे येऊ. स्कॅन केलेला नकाशा हा फोनच्या दृष्टीने नुसता फोटो असतो. त्यातला अमुक पिक्सेल म्हणजे पृथ्वीवरची कुठली जागा, हे फोनला माहीत नसतं. ते शिकवण्याच्या कामाला जिओरेफरन्सिंग म्हणतात. नाव मोठं आहे, कल्पना सोपी.

जुन्या नकाशावर अशी जागा शोधा जी आजही तिथेच आहे. समजा, जुनं देऊळ. नकाशावर देवळावर टिचकी मारा, मग आजच्या नकाशावर त्याच देवळावर टिचकी मारा. ही झाली एक जोडी. अशा काही जोड्या दिल्या की सॉफ्टवेअर जुन्या नकाशाला फिरवतं, ताणतं, लहानमोठं करतं आणि आजच्या नकाशावर बसवतं. शिंप्याने कापड टाचण्यांनी पाटावर ताणून बसवावं, तसंच. जिथे टाचणी आहे तिथे कापड पक्कं, टाचण्यांपासून दूर ते सैल.

टाचण्या कुठे लावायच्या, यावर सगळा खेळ आहे.

चांगल्या जागा: जुनं देऊळ, किल्ल्याचा बुरूज, रेल्वेचा पूल, डोंगरमाथ्यावरचा मोजणीचा बिंदू. सर्व्हेच्या नकाशात तो छोट्या त्रिकोणाने दाखवलेला असतो.

वाईट जागा: नदीचं वळण, तळ्याचा काठ, गावाच्या नावाची अक्षरं. नदी पात्र बदलते, तळं आटतं. आणि अक्षरं तर नकाशा काढणाऱ्याने रिकामी जागा बघून लिहिलेली असतात.

किती जोड्या लागतात? सगळ्यात साध्या पद्धतीला किमान तीन, कापड थोडं वाकवून बसवायचं तर सहा आणि आणखी वाकवायचं तर दहा. इथे एक सापळा आहे. तीनच बिंदू दिले तर सॉफ्टवेअर 'चूक शून्य' दाखवतं. खूश होऊ नका. तीन बिंदूंमधून साधी पद्धत नेहमीच तंतोतंत बसते, तुम्ही बिंदू चुकीचे दिलेत तरीही! चूक दिसण्यासाठी जास्तीचे बिंदू लागतात. म्हणून मी साध्या पद्धतीलाही आठ-दहा बिंदू देतो, नकाशाच्या चारही कोपऱ्यांत पसरून. मग एखादा बिंदू बाकीच्यांपेक्षा फार चुकलेला दिसला, की तिथे एकतर माझी टिचकी चुकलेली असते किंवा जुन्या मोजणीत गडबड असते.

हे काम हाताने करायला वेळ लागतो, त्यामुळे ते आता एआयकडे चाललं आहे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने भूगर्भ सर्वेक्षण संस्थेबरोबर यासाठी खास स्पर्धा घेतली. स्कॅन केलेले जुने भूशास्त्रीय नकाशे एआयने आपोआप जागेवर बसवायचे आणि त्यांतल्या खुणा ओळखायच्या. हेतू होता बॅटऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक्सला लागणारी महत्त्वाची खनिजं कुठे असू शकतील याचा अंदाज लवकर बांधण्याचा. म्हणजे लॅव्हेलने बैलगाडीतून केलं त्यातलं पहिलं पाऊल आता सर्व्हर करतो. दुसरं पाऊल मात्र आजही पायानेच टाकावं लागतं.

एक मिलिमीटर म्हणजे किती जमीन?

हा भाग नीट वाचा. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

भारतातले पुष्कळ जुने सर्व्हे नकाशे एका मैलाला एक इंच या प्रमाणाचे आहेत. एका मैलात ६३,३६० इंच असतात, म्हणून प्रमाण १:६३,३६०. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ६३ मीटर होतो. इतर प्रमाणांचं गणित असं:

- १:२,५०० वर एक मिलिमीटर म्हणजे अडीच मीटर
- १:१०,५६० वर साडेदहा मीटर
- १:६३,३६० वर ६३ मीटर
- १:२,५०,००० वर २५० मीटर

आता समजा, तुमच्या बोटाखालचा बिंदू फक्त एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला. मैलाला इंचाच्या नकाशावर ती जागा ६३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही असू शकते. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण १२,६०० चौरस मीटर, म्हणजे सव्वाशे गुंठे. तीन एकरांहून जास्त! पेनाची रेघ अर्ध्या मिलिमीटरची असेल तर ती रेघच ३२ मीटर रुंद आहे. फोनचं जीपीएस मोकळ्या आभाळाखाली पाचेक मीटरपर्यंत अचूक सांगतं. पण फोन कितीही अचूक असला, तरी कागदाची चूक तो कमी करू शकत नाही.

यात आणखी दोन चुका मिळवा.

पहिली, पृथ्वीच्या आकाराची. जुने भारतीय नकाशे 'एव्हरेस्ट १८३०' या मापांवर बेतलेले आहेत. ज्याच्या नावाचं शिखर आहे, तोच हा जॉर्ज एव्हरेस्ट. तुमच्या फोनचं जीपीएस मात्र 'डब्ल्यूजीएस ८४' ही मापं वापरतं. अक्षांश-रेखांशाचे आकडे तेच ठेवले आणि मापं बदलली, तर महाराष्ट्रात जागा शंभर-सव्वाशे मीटर सरकते. जुन्या नकाशाच्या कडेवरचे आकडे जसेच्या तसे गूगल मॅपमध्ये टाकणारा माणूस शेजारच्याच्या शेतात जाऊन उभा राहतो, तो यामुळे.

दुसरी, रेखांशाची. एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय नकाशांचे रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून धरलेले होते. त्या वेधशाळेचा रेखांश पुढे अधिक अचूक मोजला गेला, तेव्हा फरक निघाला सुमारे अडीच मिनिटांचा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आपल्याकडे अडीच मिनिटं म्हणजे चार किलोमीटरहून जास्त. अनेक जुन्या शीटच्या समासात ही दुरुस्ती बारीक अक्षरात छापलेली असते. म्हणून स्कॅन उतरवताना समास कापलेली फाइल घेऊ नका. नकाशातला सगळ्यात मोलाचा मजकूर बऱ्याचदा चौकटीबाहेर असतो.

करून बघा: उजनीच्या पाण्याखालचं गाव

खजिना नको, आपण एक बुडालेलं गाव शोधूया. यात कुणाची परवानगी लागत नाही आणि बरोबर आलं की नाही हे लगेच तपासता येतं.

भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि नदीकाठची बरीच गावठाणं पाण्याखाली गेली. इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव हे त्यांतलं एक. पाणी खूप खाली गेलं की तिथलं जुनं देऊळ उघडं पडतं, फोटो तुम्ही पाहिलेही असतील.

१. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टानेडा ग्रंथालयाच्या साइटवर भारताचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे मोफत आहेत. 'यू ५०२' या मालिकेतले हे नकाशे १९५० च्या दशकातले, म्हणजे धरणाआधीचे. पुणे-इंदापूरचा भाग असलेलं शीट उतरवा, पूर्ण समासासकट.

२. मॅप वॉर्पर ही मोफत वेबसाइट उघडा आणि फाइल अपलोड करा. लॅपटॉप असेल तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर जास्त चांगलं.

३. आठ-दहा जोड्या द्या. दौंडचं रेल्वे जंक्शन, रेल्वेचे जुने पूल, ठळक डोंगरमाथे घ्या. जलाशयाचा काठ अजिबात घेऊ नका, कारण जुन्या नकाशात तो नाहीच.

४. नकाशा बसवून घ्या आणि प्रत्येक बिंदूची चूक बघा. जो बिंदू फार चुकतोय तो तपासा, दुरुस्त करा.

५. तयार नकाशा जिओटिफ स्वरूपात फोनवर घ्या आणि अशा फाइल उघडणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाका. अव्हेन्झा मॅप्स हे त्यातलं एक.

आता नेट बंद असलं तरी सत्तर वर्षांपूर्वीच्या नकाशावर तुमचा निळा ठिपका चालताना दिसेल. उजनीच्या काठावर उभं राहून बघा. समोर पाणी आहे, फोनवर मात्र वाटा आणि गावं आहेत. फक्त हे लक्षात असू द्या: या प्रमाणावर मिलिमीटरला २५० मीटर. गाव मिळेल, घर मिळणार नाही.

गोव्यातल्या वाचकांना हाच प्रयोग सांगे तालुक्यातल्या कुर्डी गावावर करता येईल. साळावली धरणाखाली गेलेलं हे गाव, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं जन्मगाव. दर उन्हाळ्यात ते वर येतं आणि जुने गावकरी तिथे जमतात.

चाळीस हजारांचा नकाशा

गेल्या पावसाळ्यात माझ्या नात्यातल्या एका काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर 'ब्रिटिशकालीन गुप्तधन नकाशा' आला. नेमक्या लोकेशनसाठी चाळीस हजार रुपये मागितले होते. पैसे देण्याआधी काकांनी फोटो मला पाठवला, "अरे, बघ बरं हे खरं आहे का."

मी बघितलं. प्रमाण लिहिलेलं नव्हतं, अक्षांश-रेखांश नव्हते, शीटचा नंबर नव्हता. आणि १८८० च्या म्हणवणाऱ्या त्या नकाशावर गावाबाहेरचा पाझर तलाव होता. "काका, हा तलाव कधीचा?" असं विचारलं. काका फोनवर मिनिटभर गप्प. तो तलाव ७२ च्या दुष्काळी कामावर झालेला आणि त्याची माती त्यांनी स्वतः वाहिलेली. पैसे वाचले.

म्हणून कुठलाही 'जुना' नकाशा हाती आला की पाच गोष्टी विचारा: प्रमाण काय? कुणी छापला? कुठल्या साली? शीट नंबर काय? आणि त्या सालानंतर झालेली एखादी गोष्ट त्यावर दिसते का? सर्व्हेच्या शीटना ठरलेले नंबर असतात. उदाहरणार्थ, पुणे शहराचा बराचसा भाग ४७ एफ/१४ मध्ये येतो. आणि एवढ्या सगळ्यातून पास झालेल्या खऱ्या नकाशावरूनही कुणी 'बरोबर इथे खणा' म्हणत असेल, तर त्याला सव्वाशे गुंठ्यांचं गणित विचारा.

खणण्याआधी कायदा

इंग्लंडच्या व्हिडिओंत लोक शेतात डिटेक्टर घेऊन फिरतात, म्हणून आपणही फिरावं असं वाटू शकतं. तिथेही जमीनमालकाची परवानगी लागते आणि १९९६ च्या कायद्यानुसार 'खजिना' ठरू शकणारी वस्तू सापडली तर १४ दिवसांत कळवावं लागतं. १९९२ मध्ये सफकमधल्या हॉक्सन इथे एक माणूस मित्राचा हरवलेला हातोडा डिटेक्टरने शोधत होता. त्याला रोमन काळातली १४ हजारांहून जास्त नाणी सापडली. त्याने सगळं उकरून काढलं नाही. थोडं बघताच थांबला आणि कळवलं. पुरातत्त्व विभागाने नीट उत्खनन केलं, म्हणून पेटीत काय कसं रचलेलं होतं तेही कळलं. त्याला बक्षीस मिळालं, आणि तो हातोडाही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!

आपल्याकडे कायदा आणखी कडक आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही दडलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित किल्ला, लेणी, देऊळ इथे परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंच्या विक्रीवर १९७२ च्या कायद्याची बंधनं आहेत. खनिजं शोधायची तर १९५७ च्या खाण कायद्याखाली परवाना लागतो. आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांवर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे.

त्याच २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर प्रदेशातल्या डौंडिया खेडा इथे एका साधूला पडलेल्या स्वप्नावरून हजार टन सोन्याची चर्चा उठली आणि पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खननही केलं. सोनं निघालं नाही.

मग याचा उपयोग काय?

आपल्या गावाकडे 'काळी' आणि 'पांढरी' हे शब्द आहेत. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. शेकडो वर्षांच्या राख-माती-भिंतींनी ती पांढुरकी झालेली असते. आज जिथे कुणी राहत नाही, पण लोक जिला पांढरी किंवा पांढरीची टेकडी म्हणतात, तिथे अनेकदा खूप जुनी वस्ती निघते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाची मुळं खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. ते वितळवून विकले गेले असते तर भंगाराचा भाव आला असता. जागेसकट नोंद झाली, म्हणून चार हजार वर्षांपूर्वी प्रवरेच्या काठी कोण राहत होतं हे आपल्याला कळलं.

तुमच्या गावासाठी हे काम तुम्ही करू शकता. जुनं शीट फोनवर बसवा, महाभूनकाशा पोर्टलवरचा गावनकाशा शेजारी ठेवा आणि आजी-आजोबांना घेऊन बसा. नकाशावर विहिरीची खूण आहे आणि आज तिथे काही नाही? विचारा, ती कधी बुजवली. उन्हाळ्यात गावाला टँकर लागत असेल तर त्या विहिरीची जागा कामाची माहिती आहे. जुनी वाट, उजाड वाडी, पांढरीची टेकडी, एकेक जागा नावासकट नोंदवा. खणू नका. जुनी भांडी, नाणी किंवा मूर्ती दिसली तर फोटो काढा, वस्तू आहे तिथेच राहू द्या आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.

नकाशा बसवताना कुठे अडलात तर कमेंटमध्ये शीटचं नाव, प्रमाण आणि प्रत्येक बिंदूची आलेली चूक लिहा. एवढं असलं की चूक कुठे होतेय ते सांगता येतं. आणि ज्या भावकीच्या ग्रुपवर तो फुलीवाला रील फिरतोय, तिथे सव्वाशे गुंठ्यांचं गणित नक्की टाका.